उभी ठेवायची बाटली

“थंड नाहीये ही.”

इटलीतल्या कुठल्याही ब्रुअरीत आमचा ग्रुप बसला आणि पहिला घोट पोटात गेला, की हे वाक्य येतं. त्याच्या मागोमाग, “जरा स्ट्राँग नाही का यांच्याकडे?” आणि मग माझ्याकडे वळून, “भाई, चखणा?” माणसं बदलतात, वर्षं बदलतात, या तीन वाक्यांचा क्रम काही बदलत नाही. एकदा एका गृहस्थांनी बर्फच मागितला. ब्रुअरीच्या मालकाला वाटलं, कुणाला काही लागलंय. मी वैतागून म्हटलं, हो, गुडघ्याला. तो बिचारा धावत आत गेला आणि स्वच्छ फडक्यात बांधून बर्फ घेऊन आला. आमच्या गृहस्थांनी फडकं सोडलं, बर्फ ग्लासात टाकला आणि फडकं परत दिलं. पुढच्या वर्षी त्या मालकाने आमचं बुकिंग घेतलं नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘बिअरच्या सहलींचे गमतीदार अनुभव’ लिहा असं सांगितलंय. गमतीदार ते वाचणाऱ्याला. मी लोणावळ्याचा रफीक, धंद्याने टूर मॅनेजर. तरुणपणी कार्ल्याची लेणी दाखवायचो. तिथे इटालियन प्रवासी बरेच यायचे, त्यांच्या तोंडून भाषा उचलली, मग पुण्यात रीतसर क्लास लावला. त्या भाषेच्या जोरावर एका ट्रॅव्हल कंपनीत लागलो. पुढे पुण्यात चौकाचौकात बिअर गाळायला लागले आणि आमच्या साहेबांना कल्पना सुचली. बिअरसाठी सगळे जर्मनीला जातात, आपण इटलीला न्यायचं.

आता इटली म्हणजे वाइनचा देश. तिथे वाइन जेवणात मोडते आणि बिअर पिझ्झाबरोबर घशाखाली ढकलायला घेतात. आमचा बसचालक तर ब्रुअरीच्या फाटकात बस लावून, शेजारच्या खानावळीत जाऊन मुद्दाम वाइन पिणाऱ्यांच्या टेबलावर कॉफी घेत बसायचा. पण साहेबांच्या कल्पनेत अगदीच दम नव्हता असंही नाही. वाइनच्या बाबतीत तिथे आजोबा-पणजोबांचे नियम असतात, बिअरला आजोबाच नाहीत. त्यामुळे तरुण मंडळी हवं ते करतात. कुणी चेस्टनट घालतो, कुणी द्राक्षाचा रस, कुणी स्वतःच्या शेतातला सातू, म्हणजे बार्ली. गावोगावी शेतकऱ्यांनी गोठ्याच्या जागी ब्रुअऱ्या टाकल्यात.

मी स्वतः पीत नाही. आमच्यात चालत नाही आणि मला कधी वाटलंही नाही. बिअर कशी आहे, हे मी पिणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून सांगतो. अम्मीला माझा हा धंदा शेवटपर्यंत पटला नाही. परतलो की माझे कपडे ती वेगळ्या बादलीत भिजवायला लावायची. मी म्हणायचो, अम्मी, मी फक्त माणसं फिरवतो. ती म्हणायची, मग चांगल्या जागी फिरव.

बाहेरच्यांना वाटतं, ब्रुअरी बघायची म्हणजे काहीतरी रंगीत असणार. तिथे बघायला असतात बंद टाक्या. सातू भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भरडून गरम पाण्यात शिजवायचे, कडूपणाला हॉप्सची फुलं घालायची, गार करून त्यात यीस्ट सोडायचं आणि गप्प बसायचं. बाकी सगळा वेळ धुण्यात जातो. टाकी धुवा, नळ्या धुवा, फरशी धुवा. हे मी जीव तोडून समजावत असताना नवलाख उंबरे गावच्या कारखान्यातले एक सुपरवायझर मागून म्हणाले, “भाई, असल्या टाक्यांना टेकून आम्ही रोज डबा खातो. हे बघायला एवढ्या लांब आणलंत?”

सगळ्यात मोठा वैताग संध्याकाळचा. तिथल्या काही शहरांत संध्याकाळी पेयाबरोबर खायला ठेवायची पद्धत आहे. ऑलिव्ह, पावाचे तुकडे, चीज, कधी कधी अख्खं टेबल मांडलेलं. म्हणजे चखणाच, पण त्यांच्याकडे दोन घास घ्यायचे आणि घरी जेवायला जायचं. आमच्या लोकांना हे कळलं तो दिवस मी विसरणार नाही. त्यांनी ताटल्यांचे डोंगर केले, ऑलिव्ह कडू लागतं म्हणून त्यावर फरसाण भुरभुरलं, दोघींनी उद्याच्या नाश्त्याला पाव रुमालात बांधून घेतले आणि वर मला सांगितलं, “रात्रीचं जेवण कॅन्सल करा, इथेच झालं.” मी त्या दुकानदाराची माफी मागण्यात जेवलोच नाही.

अशा एका सहलीत हौसामावशी आल्या.

मावशी तिकोणा किल्ल्याखालच्या तिकोणा पेठ गावच्या. नऊवारी लुगडं, पायात लेकाने घेतलेले पांढरे बूट, खांद्याला कापडी पिशवी. विमानतळावर त्यांना पाहून मला वाटलं, कुणाला तरी सोडायला आल्यात. त्यांचा मुलगा संदीप मला कोपऱ्यात घेऊन गेला. तिशीतला, चलाख, बोलायला गोड. पवना धरणाच्या काठाला त्यांची जमीन आहे. वरच्या माळावर त्याने तंबू टाकलेत, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची पोरं येतात. आता त्याला माळाखालच्या भाताच्या जमिनीवर ब्रुअरी काढायची होती, बसायला लाकडी बाकं, समोर पाणी, मागे किल्ला. भागीदार तयार होता, नकाशे तयार होते. फक्त सातबारा आईच्या नावावर होता आणि आई सही करत नव्हती.

“भाई, तुम्ही पटवा तिला. तुम्ही पीत नाही, म्हणून तुमचं ऐकेल.”

“अरे, मी टूर मॅनेजर आहे. पासपोर्ट सांभाळीन, आया सांभाळणार नाही.”

“तसं नाही. तिला एकदा दिसू दे, सुधारलेल्या देशात कसं पितात. तिच्या डोक्यात गावातलं दुकानच बसलंय. आडवी बाटलीवाली आहे ती.”

हे ऐकून मी कपाळाला हात लावला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गावातलं दारूचं दुकान बंद करा अशी बायकांनी मागणी केली, की त्यावर बायकांचं मतदान घेतात. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. मावशींनी घरोघर फिरून बायका जमवल्या होत्या आणि दुकान बंद पाडलं होतं. अशा बाईला तिचा लेक ब्रुअऱ्या दाखवायला घेऊन चालला होता.

“त्यांना काय सांगून आणलंस?”

“शेतीचा अभ्यास दौरा.”

पहिल्या ब्रुअरीतच दौऱ्याचा उलगडा झाला. मावशींनी सातूची पोती हाताने चाचपली, एक दाणा चावला, टाकीकडे पाहिलं, नाक वर केलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. मला वाटलं होतं, आता तमाशा होणार. तो झाला नाही, आणि त्याचंच मला जास्त ओझं झालं. पुढच्या प्रत्येक ठिकाणी आमची मंडळी आत ‘थंड नाहीये’ म्हणत असायची आणि मावशी बाहेर बसून पिशवीतली भाकरी खात असायच्या. संदीप खिडकीतून मला डोळ्यांनी खुणावायचा, जा, बोला. शेवटी एकदा गेलो.

“भाऊ, तुमी मुसलमान. तुमी पीत न्हाई,” मावशींनीच सुरुवात केली. “मंग हितं काय करताय?”

“पोटासाठी, मावशी.”

“मंग पोटासाठीच माजा ल्योक पन करतोय, असं म्हना की.”

“तसं म्हणायला आलोच नव्हतो.”

“त्यानं धाडलं न्हाई तुमाला?”

पटवायला गेलेला माणूस दोन वाक्यांत उघडा पडला होता. मावशींनी मला भाकरीचा तुकडा दिला, तो खाल्ला आणि आत आलो.

एक दिवस वाइनचं तळघर होतं. वाइनच्या देशात येऊन तळघर बघितलं नाही असं नको म्हणून ते आम्ही ठेवतो. तिथे मावशी पहिल्यांदा आपणहून आत आल्या. भिंतीभर, छतापर्यंत बाटल्या, सगळ्या आडव्या. मावशी बघतच राहिल्या.

“हितं बायका जितल्या व्हय?”

मी इतका हसलो, की तळघराच्या मालकाने घसा खाकरला. मग मावशींना सांगितलं, वाइनला बुचाचं झाकण असतं, ते ओलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवतात. त्या म्हणाल्या, “आडवी ठिऊन बी पित्यातच की मंग.” आणि त्याही हसल्या. संदीपला वाटलं, बर्फ वितळायला लागला. त्या रात्री जेवताना त्याने आईला स्वतःच्या हाताने वाढलं.

शेवटच्या ब्रुअरीला जाताना बस डोंगर उतरून सपाटीला लागली आणि मावशी एकदम उठून उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंनी पाणी भरलेली खाचरं. मधे बांध, बांधावर बगळे. मी किती वेळा त्या रस्त्याने गेलो होतो, दर वेळी माईकवरून ‘डावीकडे भातशेती’ म्हणून मोकळा झालो होतो. मावशींनी खिडकीच्या काचेवर तळहात टेकवला तो उतरेपर्यंत काढला नाही.

त्या शेताची मालकीण सिल्व्हिया, माझ्याच वयाची. वडिलांच्या भातशेतीवरच तिने ब्रुअरी काढलेली आणि आपल्या बिअरमध्ये ती सातूबरोबर घरचा तांदूळही घालायची. मंडळी आत बसली. मी पहिल्या घोटाची आणि त्या तीन वाक्यांची वाट बघत उभा होतो, तेवढ्यात सिल्व्हियाने खिडकीतून बाहेर बोट दाखवलं.

मावशींनी पांढरे बूट बांधावर काढून ठेवले होते, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं होतं आणि त्या खाचरात उतरत होत्या. परक्या देशात, परक्याच्या पेरलेल्या शेतात. मी धावलो. माझ्या पुढे सिल्व्हिया धावली, पण बांधाशी पोहोचल्यावर ती थांबली आणि तिने मलाही हात आडवा धरून थांबवलं. मावशी खाली बघत नव्हत्या. नजर समोर, आणि एकेक पाऊल चिखलात असं टाकत होत्या, की आधी चवडा, मग हळूच टाच. बांधाच्या कडेकडेने पार टोकापर्यंत गेल्या आणि तशाच परत आल्या. वर चढून म्हणाल्या,

“काच न्हाई.”

सिल्व्हियाने विचारलं, काय म्हणाल्या? मी शब्द सांगितले, पण अर्थ मलाच कळला नव्हता. मावशी बांधावर बसल्या आणि पाणी ओंजळीने ओतून त्यांनी उजवा तळपाय धुतला. टाचेपासून मधल्या खोलगटापर्यंत जुन्या जखमेची शिवण होती.

“लावनीला आमी अनवानी उतरतो. बूट चिखलात बसत्यात, निगत न्हाईत. गावातलं दुकान आमी बंद क्येलं, पर शनवारी ही पोरं गाड्या भरून बाटल्या आनत्यात. पित्यात, फोडत्यात. पानी वरनं खाली येतं, काच बी खाली येती. पाय टाकला की कळतंय, शनवारी कोन आलतं.”

“कुणाच्या तंबूत येतात ही पोरं?” मी विचारलं. विचारायलाच नको होतं.

“ह्येच्याच की,” मावशी म्हणाल्या.

संदीप एव्हाना ग्लास हातात घेऊन माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. मी सिल्व्हियाला सगळं इटालियनमध्ये सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडे कुणी शेतात बसून पीत नाही. पितात ते टेबलावर, जेवताना, घरच्यांसोबत. हे मी मराठीत सांगितल्याबरोबर संदीपला जीव आला.

“बघ आई, हेच मी सांगतोय. चांगली जागा असली, की माणसं चांगली वागतात. बाकं टाकू, टेबलं टाकू, काच बाहेर जाऊच द्यायची नाही.”

मावशींनी ते ऐकून घेतलं, खरंच विचार केल्यासारखं. मग सिल्व्हियाकडे बघून मला म्हणाल्या, “तिला इचारा, टेबलावर पिऊन कोन वाया जात न्हाई का?”

मी विचारलं, तशी सिल्व्हिया म्हणाली, माझे वडील. सकाळी कामाआधी एक ग्लास, दुपारी जेवताना, संध्याकाळी, रात्री. पण ती वाइन होती आणि टेबलावर होती, त्यामुळे कुणी त्याला पिणं म्हटलंच नाही. डॉक्टरांनी म्हटलं, तोवर त्यांचं लिव्हर गेलं होतं. आई म्हणायची, ते कधी भांडले नाहीत, कधी पडले नाहीत. बसल्या जागी संपले.

“भाई,” संदीप हळू आवाजात मला म्हणाला, “एवढं सगळं सांगायची गरज नाही.”

माझ्या धंद्यात हे सगळ्यांनाच हवं असतं. दुभाषा गाळणीसारखा असावा, आपल्या सोयीचं तेवढं खाली सोडणारा. बर्फाच्या वेळी मी गाळलं होतं, गुडघ्याचं खोटं सांगितलं होतं, त्याने कुणाचं बिघडलं नव्हतं. इथे एक बाई आपल्या मेलेल्या बापाबद्दल बोलत होती आणि दुसरी आपल्या जमिनीबद्दल विचारत होती. मला संदीपचा राग आला. मी एकही शब्द न वगळता मावशींना सांगितलं.

मावशींनी सिल्व्हियाचा हात धरला. तिथे मला काहीच काम नव्हतं.

मग सिल्व्हियाने त्यांना आत नेलं, तांदळाची पोती दाखवली. फुटका तांदूळ आहे, म्हणाली, बाजारात कुणी घेत नाही, म्हणून बिअरला वापरते. मावशींनी मूठभर हातात घेतला.

“कणी,” त्या म्हणाल्या. “ह्याच्यावरच आमी पोरं वाडवली.” आणि दोन दाणे तोंडात टाकून पुढे म्हणाल्या, “पर आपल्या इंद्रायनीचा वास न्हाई.”

कणीचं मी सिल्व्हियाला सांगितलं. वासाचं सांगितलं नाही.

निघताना तिने मावशींना एक बाटली भेट दिली. पिऊ नका, पण ठेवा, म्हणाली, आणि नेहमी उभी ठेवा, कारण आमची बिअर गाळलेली नसते, यीस्टचा गाळ तळाला बसतो, आडवी केली की ढवळून निघते. मावशी बाटली घेणार नाहीत याची मला खात्री होती. त्यांनी घेतली आणि पंच्यात गुंडाळून पिशवीत घातली. संदीपने माझ्याकडे असं पाहिलं, की अर्धी सही झालीच.

बसमध्ये मावशींनी त्याला हाक मारली. बाकीचे झोपले होते किंवा मोबाइलमध्ये होते.

“संदीप, औंदा लावनीला तू उतर. तंबूच्या खालच्या खाचरात. येक दिस. अनवानी. मंग म्हनशील तितं सही करीन.”

“बस, एवढंच?” संदीप हसला. “आई, तू आधी सांगायचंस. भाई, तुम्ही साक्षीला. लावणीला तुम्हाला फोन करतो.”

त्याने खरंच फोन केला. मला पुढच्या सहलीचे व्हिसा करायचे होते, एका गृहस्थांनी पासपोर्टवर नातवाला चित्र काढू दिलं होतं, डोक्याला ताप होता. तरी गेलो. तिकोणा पेठेला पोहोचलो तेव्हा खाचरात बायकांची ओळ वाकलेली होती, मावशी मधोमध. वर माळावर तंबू पावसामुळे झाकून ठेवलेले. संदीप बांधावर उभा होता, नवेकोरे गमबूट घालून. मला बघून हात हलवला आणि पाण्यात उतरला. दोन पावलांत बूट चिखलात रुतले. तो एक पाय उपसतोय तोवर दुसरा बसत होता. बायका हसल्या, तोही हसला. मुलगा मुळात वाईट नाही, हे मी आजही म्हणेन.

मावशी वाकलेल्याच होत्या. रोपं लावता लावता म्हणाल्या, “बूट काड.”

“अगं आई, पाय कापंल ना.”

तो ते अगदी सहज बोलून गेला. ओळीतल्या बायकांचे हात थांबले. सगळ्या अनवाणी होत्या. एकीने वर माळाकडे पाहिलं. संदीपच्या लक्षात आलं, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्याने बूट काढायला हात घातलाही, पण तो तसाच बुटावर राहिला.

मावशी सरळ झाल्या, हात धुतले आणि मला म्हणाल्या, “चला भाऊ, च्या घ्या.”

घरात काचेच्या कपाटात, पितळी तांब्याशेजारी, सिल्व्हियाची बाटली उभी होती. इतके दिवस तिला कुणी हलवलं नव्हतं, खाली धुळीत गोल उमटला होता. मावशींनी कपाट उघडलं, बाटली दोन्ही हातांनी उचलली आणि फळीवर आडवी ठेवली.

“मावशी, तिने उभी ठेवायला सांगितलं होतं,” माझ्या तोंडून सवयीने गेलं. “गाळ ढवळतो.”

“ढवळू द्या,” मावशी म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.